लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवला तर झिजतो का? जाणून घ्या नेमकं काय खराब होतं आणि कशामुळे

जिंतूर (तालुका प्रतिनिधी) : मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास बातमी टाईप करत बसलो होतो आणि लॅपटॉपचा टचपॅड दाबलाच जाईना. बोट फिरवलं की बाण हलायचा, पण क्लिक काही होत नव्हतं. आधी वाटलं कचरा अडकला असेल. फुंकर मारली, कपड्याने पुसलं. मग लक्षात आलं की लॅपटॉप टेबलावर सपाट बसतच नाहीये, एक पाय आखूड असलेल्या खाटेसारखा डुगडुगतोय. उलटा करून बघितला तर खालचा पत्रा मधोमध फुगलेला.

परभणीला नेला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आतली बॅटरी फुगलेल्या भाकरीसारखी झाली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, हा बंद कधी करता का नाही?"

खरं सांगायचं तर नाही. तीन वर्षं तो लॅपटॉप घरातल्या पत्र्याच्या खोलीत, चार्जर लावलेला, झाकण उघडं, असाच होता. बातमी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून चालूच ठेवायचो. नव्या बॅटरीला तीन हजार दोनशे रुपये गेले. बातमीचं मानधन ज्यांना माहीत आहे त्यांना ही रक्कम किती मोठी ते वेगळं सांगायला नको.

हे गावात कळल्यावर आमच्या चौकातला सेवा केंद्र चालवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी घरी आला. त्याचा लॅपटॉप दोन वर्षांपासून रात्रंदिवस चालू. म्हणाला, "काका, मी तर भीतीनेच बंद करत नाही. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला बंद केला अन् परत चालूच झाला नाही तर? लोकं दारात उभी असतात." त्याचा लॅपटॉप कर्जावर घेतलेला आहे, अजून हप्ते चालू आहेत. त्याचा प्रश्न सरळ होता. माझी बॅटरी गेली ती सतत चालू ठेवल्यामुळे गेली की आणखी कशामुळे? आणि मग त्याने काय करायचं?

तेव्हापासून मी हा विषय धरून बसलो. दुरुस्तीवाल्यांना विचारलं, वाचलं, माझाच जुना लॅपटॉप उघडून बघितला.

मोटारीचा नियम इथे लागू नाही

आपल्याकडे एक समज पक्का आहे की मशीन सारखं बंद-चालू केलं की खराब होतं. हा समज हवेतून आलेला नाही, विहिरीवरून आलाय. पाण्याची मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दाब कमी असताना दिवसातून दहा वेळा स्टार्टर दाबला तर कॉइल जळते, हे आपण सगळ्यांनी पैसे मोजून शिकलेलं आहे. म्हणून पोरगंसुद्धा सांगतं, "चालू आहे तर चालू राहू द्या."

लॅपटॉपमध्ये अशी मोटार नाही. त्याचा चार्जर बाहेरची १०० ते २४० व्होल्टची वीज घेऊन साधारण १९-२० व्होल्टची करून आत देतो. चालू होताना आतल्या भागांना असा झटका बसत नाही. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, त्यात हलणारा एकही भाग नाही. तो चालू राहून घासत नाही. जास्त तापलाच तर ९५-१०० अंशांच्या आसपास तो स्वतःहून वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर लॅपटॉप आपोआप बंद होतो. साधारणपणे लॅपटॉप जुना होऊन निकामी ठरतो तेव्हासुद्धा प्रोसेसर चांगलाच असतो.

मग झिजतं काय? बॅटरी, पंखा, आणि जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क. तिन्हींचा खरा वैरी किती तास चालला हा नसून किती तापला हा आहे. माझ्या बाबतीत तर तास बिचारे निर्दोष निघाले.

बॅटरी का फुगली

बऱ्याच जणांना वाटतं की चार्जर लावून ठेवला की बॅटरीत वीज भरतच राहते आणि शेवटी ती फुटते. तसं नाही. बॅटरी शंभर टक्के झाली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप थेट चार्जरच्या विजेवर चालतो. बॅटरी थोडी उतरली की पुन्हा थोडी भरतो. म्हणजे हौद भरला की तरंगता व्हॉल्व्ह पाणी बंद करतो, तसंच.

घोळ वेगळाच आहे. लिथियम-आयन बॅटरीला शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत राहणंच मानवत नाही. पूर्ण भरल्यावर तिच्या एका सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. या दाबाखाली आतलं रसायन हळूहळू बिघडत राहतं, मग तुम्ही लॅपटॉप वापरा किंवा नका वापरू. त्यात उष्णता मिळाली की बिघाड पळायला लागतो.

किती पळतो? कॅनडातली कॅडेक्स नावाची कंपनी बॅटरी तपासण्याची यंत्रं बनवते. तिने प्रसिद्ध केलेला एक तक्ता या धंद्यातले लोक वापरतात. २५ अंश तापमानात बॅटरी ४० टक्के भरून वर्षभर नुसती ठेवली तर तिची ताकद ९६ टक्के उरते. त्याच तापमानात शंभर टक्के भरून ठेवली तर ८० टक्के उरते. आता तापमान ४० अंश करा. अर्धवट भरलेलीची ८५ टक्के, आणि पूर्ण भरलेलीची फक्त ६५. वापर शून्य, आणि वर्षात तिसरा हिस्सा गेला.

आता परभणी जिल्ह्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४२-४३, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, त्यात लॅपटॉपची स्वतःची गरमी, आणि बॅटरी चोवीस तास शंभर टक्के. असे तीन उन्हाळे माझ्या बॅटरीने काढले. रसायन बिघडताना आत वायू तयार होतो. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी मऊ पाकिटात असते, वायूला बाहेर जायला वाट नाही, म्हणून पाकीट फुगतं. टचपॅड बॅटरीच्या बरोबर वर असतो, म्हणून पहिलं दुखणं तिथे दिसतं. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, लॅपटॉप डुगडुगायला लागला, की लगेच चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, सुईने हवा काढायला तर अजिबात जाऊ नका. आतल्या भागाला भोक पडलं की ती पेट घेऊ शकते. मी आठ दिवस तसाच दाबून दाबून वापरला होता. आता आठवलं की घाम फुटतो.

बॅटरी दुसऱ्या कारणानेही म्हातारी होते, ते म्हणजे भरणं-उतरणं. लॅपटॉपच्या साध्या बॅटरीला साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्या मिळतात, मग ताकद ८० टक्क्यांवर येते. फेरी म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज पन्नास आणि उद्या पन्नास वापरली तर मिळून एक. त्यामुळे रोज शून्यावर आणून मग शंभर करायची, हा जुना सल्ला विसरा. तो निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमला शून्यही सोसत नाही आणि शंभरही. तिचं सुख मधेच आहे.

काही जण सांगतात की बॅटरी काढूनच टाका आणि थेट विजेवर चालवा. शहरात चालेल ते. आपल्याकडे लाईट दिवसातून किती वेळा लपंडाव खेळते ते आपल्याला माहीत आहे. बॅटरी नसलेला लॅपटॉप लाईट गेली की धाडकन बंद पडतो, अर्धा भरलेला फॉर्म जातो, आणि डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर फाईलच खराब होते.

पंख्यात अडकलेली मळणी

माझा जुना लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसलेला होता. करड्या रंगाचा, दाट, बोटाने सोलून निघणारा. त्यात कापसाचे तंतू होते, सोयाबीनच्या मळणीचा भुसा होता, आणि एक वाळलेली मुंगी. हवा जायला जागाच नव्हती. पंखा बिचारा पूर्ण वेगाने फिरत होता आणि गरम हवा आतल्या आत घोळत होती.

चोवीस तास चालू म्हणजे वर्षाला ८,७६० तास. रोज आठ तास वापरला तर २,९२० तास. अशा छोट्या पंख्यांचं आयुष्य साधारण तीस ते पन्नास हजार तासांचं धरतात, म्हणजे स्वच्छ हवेत सतत चालवला तरी तीन-चार वर्षं सहज निघतात. नुसता चालू असलेल्या, काम नसलेल्या लॅपटॉपचा पंखा तर बऱ्याचदा थांबलेलाच असतो. पण आपल्याकडची हवा कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नाही. गिरणीशेजारी, खळ्याशेजारी, रस्त्याच्या कडेला केंद्र असेल तर जितके तास जास्त चालेल तितकी जास्त धूळ तो ओढतो. इथे सतत चालू ठेवण्याचा तोटा खरा आहे. पंख्याचा खरखर आवाज यायला लागला किंवा बाजूने येणारा वारा कमी झाला, की साफ करून घ्या. दिवाळीनंतर, मळण्या उरकल्यावर एकदा आणि उन्हाळा लागण्याआधी एकदा. दुरुस्तीवाल्याला प्रोसेसरवरची पेस्टही बदलायला सांगा, ती वाळली की उष्णता नीट बाहेर पडत नाही. गादीवर, गोधडीवर ठेवून चालवला तर खालची हवेची भोकं बंद होतात, हे पोरांना रोज सांगावं लागतं.

डिस्कचं म्हणाल तर नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, तिच्यात काही फिरत नाही. तिची झीज होते ती लिहिण्याने. २५० जीबीच्या साध्या एसएसडीला साधारण १५० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं, जे फॉर्म भरणाऱ्याकडून होणारही नाही, तरी वीस वर्षं लागतील. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला मात्र बेअरिंग आहे, ती तासागणिक झिजते. लॅपटॉपच्या डिस्क मुळात चोवीस तास फिरण्यासाठी बनवलेल्याही नसतात. सेवा केंद्रातल्या पोराची भीती इथेच खरी ठरते. थकलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही. पण त्यावर उपाय डिस्क फिरत ठेवणं नव्हे. ज्या लॅपटॉपला बंद करायची भीती वाटते, त्यातला सगळा डेटा आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवायचा आणि डिस्क बदलायची, हा आहे.

बंद-चालूचंही एक खरं दुखणं आहे

मोटारीचा नियम लागत नाही म्हटलं, पण बंद-चालू करण्याची बाजू अगदीच खोटी नाही. लॅपटॉप तापतो तेव्हा आतले धातू आणि प्लास्टिक प्रसरण पावतात, थंड झाला की आकसतात, आणि प्रत्येक वस्तू सारख्या प्रमाणात नाही. चिपखालचे बारीक जोड यात ताणले जातात. २००८ साली एनव्हिडिया कंपनीच्या काही लॅपटॉप ग्राफिक्स चिपमध्ये हेच झालं. जोडाचं साहित्य कच्चं निघालं, तापून-निवून जोड तुटले, आणि कंपनीला १५ ते २० कोटी डॉलर या एका कारणासाठी बाजूला काढावे लागले.

पण तो साहित्याचा दोष होता. चांगल्या बनावटीचा लॅपटॉप दिवसातून एक-दोनदा बंद केल्याने बिघडत नाही. शिवाय चालू असतानाही तो सारखा गरम-गार होतच असतो. व्हिडिओ लावला की तापतो, थांबवला की निवतो. रात्री थंड जागी बंद ठेवल्याने बॅटरी आणि पंख्याला जो आराम मिळतो, त्यापुढे हा ताण किरकोळ आहे, असं माझं मत झालंय.

वळवाचा पाऊस आणि झिणझिण्या

सतत चालू म्हणजे सतत प्लगमध्ये, आणि गावात हा धोका शहरापेक्षा मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज तारेवर पडली की टीव्ही, फ्रिज, चार्जर एका फटक्यात जातात. आकाशात गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून बाहेर काढा. लॅपटॉप बॅटरीवर चालेल की तासभर, ती त्यासाठीच तर आहे.

काही जणांच्या लॅपटॉपला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, पत्र्याची बॉडी असेल तर जास्त. चार्जर तीन पिनचा आणि घरात अर्थिंगच नाही, किंवा तिसरी पिन मोडून दोन पिनच्या बोर्डात कोंबलेली, हे त्यामागचं नेहमीचं कारण. वायरमन बोलवून अर्थिंग करून घ्या. तो खर्च लॅपटॉपसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी आहे.

विजेचा हिशोब छोटाच आहे. नुसता चालू असलेला लॅपटॉप पडद्यासकट १५ वॅट धरला तर चोवीस तासांचे महिन्याला जवळपास ११ युनिट, आठ तासांचे साडेतीन-चार. फरक सात युनिटचा. लाईट गेल्यावर मात्र तोच भार इन्व्हर्टरवर येतो, तिथे तो जाणवतो.

सेवा केंद्रात काय केलं

पोराच्या दुकानात जाऊन आम्ही दोघांनी आधी त्याच्या बॅटरीची तब्येत बघितली. विंडोजमध्ये हे फुकट होतं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून उघडायचं, इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' सलग टाईप करायचं, एक जागा सोडायची, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ द्यायची आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' लिहून एंटर दाबायचं. फाईल कुठे सेव्ह झाली ते तिथेच दिसतं. त्यात दोन आकडे बघायचे: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला नव्या बॅटरीचा, दुसरा आजचा. त्याचा पहिला आकडा ४१ हजारांचा होता, दुसरा १८ हजारांचा. निम्म्याहून जास्त बॅटरी दोन वर्षांत गेली होती, आणि चार्जर कायम लावलेला असल्याने त्याला कळलंच नव्हतं. फुगली नव्हती एवढं नशीब.

मग चार्जिंगला लगाम घातला. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये 'कन्झर्वेशन मोड' असतो, असूसच्या मायअसूसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग', डेलमध्ये 'प्रायमरिली एसी यूज', एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय बायोसमध्ये असते. चालू केलं की बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांच्या आसपास थांबते, चार्जर दिवसभर लावला तरी शंभरवर बसून राहत नाही. प्रत्येक लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. नसेल तर ८० झाले की चार्जर काढा, ३०-४० वर आले की लावा. गिऱ्हाईक समोर असताना हे लक्षात राहत नाही, हेही खरं. मग निदान रात्री तरी पिन काढायची.

रात्रीसाठी 'हायबरनेट' चांगलं. त्यात उघडलेलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो, वीज लागत नाही, आणि सकाळी काम होतं तिथूनच सुरू होतं. 'स्लीप'मध्ये मेमरीला थोडी वीज लागत राहते. तासा-दोन तासांसाठी ठीक आहे. नवे लॅपटॉप स्लीपमध्येही मधूनमधून जागे होतात, म्हणून स्लीपवर ठेवून पिशवीत घालू नका, आतल्या आत भट्टी होते. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. 'शट डाऊन' केलं की सगळं ताजं होतं असं आपण समजतो, पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर जुनं बरंच काही तसंच राहतं. हँग होणं, पोर्टल अडकणं, अपडेट अर्धवट राहणं, यातलं पुष्कळ रीस्टार्टने सुटतं.

माझी फुगलेली बॅटरी दुरुस्तीवाल्याने ठेवून घेतली. उकिरड्यावर किंवा घंटागाडीत ती टाकायची नाही, आणि भंगारवाला हातोडीने फोडतो त्यालाही द्यायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्या-आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवी घेताना दुकानदाराला जुनी परत घ्यायला सांगा.

त्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करताना पोराने सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लॅपटॉप बंद केला. पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "काका, एकदा चालू करून बघू का?" बघितला. झाला चालू. बंद करून पुन्हा पिशवीत ठेवला. आता त्याने लॅपटॉप पत्र्याखालच्या टेबलावरून काढून आतल्या भिंतीच्या खोलीत नेलाय, खाली दोन फरशीचे तुकडे लावून थोडा उचललाय, आणि पीकविम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत बॅटरी बदलायची म्हणून पैसे बाजूला टाकतोय.